क्रोशाने विणलेला ब्रेस्ट प्रोस्थेसिस: दहा महिने वापरल्यावरचा अनुभव

आधी सरळ सांगून टाकते कशाबद्दल आहे ते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माझा उजवा स्तन ऑपरेशन करून काढला, कॅन्सर होता. त्या रिकाम्या जागी ब्लाउजच्या आत जे घालावं लागतं त्याला प्रोस्थेसिस म्हणतात, आणि मी जो वापरते तो सुती दोऱ्याचा, क्रोशाने हाताने विणलेला आणि आत फायबर भरलेला आहे. इथे अकोल्यातल्याच सात-आठ बायका मिळून तो विणतात आणि एक रुपयाही घेत नाहीत. फेब्रुवारीपासून रोज घालतेय, आमचा एप्रिल-मे त्यात काढला, म्हणून आता लिहितेय. कोणी ह्यावर मराठीत नीट लिहिलेलं मला शोधून सापडलं नव्हतं, आणि तेव्हा मला त्याची फार गरज होती.

प्रोस्थेसिसबद्दल ऑपरेशनच्या आधी कोणी बोलत नाही. गाठ, रिपोर्ट, केमो किती, रेडिएशन किती, केस जातील, सगळं सांगतात, पण घरी आल्यावर ब्लाउज घातला की एक बाजू सपाट दिसते त्याचं काय करायचं हे बाईने स्वतःच शोधायचं. मग बाई काय करते, तर रुमालाची घडी घालते, ओढणीचा तुकडा कोंबते, कापसाचा बोळा करते. मी पण तेच केलं. त्यात माझी उजवी बाजू. डावी असती तर पदराने तरी झाकलं असतं, साडीचा पदर डाव्या खांद्यावर जातो आणि उजवी बाजू उघडीच राहते, हे आयुष्यभर साडी नेसून मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी शाळेत गणित शिकवते. रेडिएशन संपवून मागच्या वर्षी जुलैत रुजू झाले. आता फळ्यावर लिहायचं म्हणजे उजवा हात वर जाणार, आणि हात वर गेला की आतली घडी पण वर चढणार. आठवीच्या वर्गात एकदा ती पार गळ्याच्या हाडापर्यंत आली आणि मला कळलंही नाही. पहिल्या बाकावरची एक मुलगी वही दाखवायच्या निमित्ताने उठून आली आणि अगदी हळू म्हणाली, मॅडम, पदर. एवढंच. त्या पोरीचं मला आजही कौतुक वाटतं, पण त्या दिवशी स्टाफरूमच्या बाथरूममध्ये जाऊन मी रडले ते रडले.

मग आम्ही पैसे जमवून सिलिकॉनचा घेतला. दुकानाचं नाव घेत नाही. काउंटरवर एक दादा होते, त्यांनी साइज विचारली, मी ब्राची साइज सांगितली, त्यांनी खोका पुढे केला. घालून बघायची सोय नाही, माप घ्यायला बाई नाही, आणि खोका उघडला की परत घेणार नाही. ६ हजार ८०० रुपये. घरी येऊन घातला तर दुसऱ्या बाजूपेक्षा मोठा निघाला. वजन केलं, ४३० ग्रॅम भरलं. ज्या बाजूचं ऑपरेशन झालंय, काखेतल्या गाठी काढल्यात, त्याच खांद्यावर ब्राची पट्टी दिवसभर रुतायची आणि संध्याकाळी हात जड वाटायचा. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं तशी त्याच्या खाली घामाची पुळी उठायला लागली. रेडिएशन घेतलेली कातडी आधीच पातळ आणि काळवंडलेली, त्यावर घाम साचला की आग आग व्हायची.

इथे एक न्यायाने सांगते. सिलिकॉन वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. माप घेऊन, नीट बसवून घेतलेला सिलिकॉनचा प्रोस्थेसिस जागचा हलत नाही, खऱ्यासारखा लोंबतो, फिट कुर्ती घालणाऱ्यांना त्याचा आकार जास्त चांगला दिसतो. ज्यांची दुसरी बाजू भारी आहे त्यांना तर वजन बरोबरीचं लागतंच, नाहीतर एक खांदा वर आणि एक खाली अशी सवय लागते आणि पाठ धरते. मला चुकीच्या मापाचा मिळाला हे खरं, पण अकोल्याच्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या आसपास असताना तो बरोबर मापाचा असता तरी मी घालू शकले नसते असं मला वाटतं.

विणलेला असा काही प्रकार असतो हे मला फॉलोअपला गेले तेव्हा रांगेत बसलेल्या एका ताईंकडून कळलं. पण पहिला जो मिळाला तो ह्या बायकांचा नव्हता, एका शिबिरात वाटलेला होता. चांगल्या मनाने दिलेला, त्यात शंका नाही. पण तो बाळाच्या स्वेटरच्या उरलेल्या लोकरीचा विणलेला होता, तीही टोचरी, आणि मधोमध जिथे विणकाम सुरू होतं तिथे मागच्या बाजूने गाठ मारून दोरा तसाच तोडलेला. ती गाठ बरोबर माझ्या व्रणावर यायची. दोन तासांत काढून ठेवला. तो देणाऱ्यांच्या फोटोत मी हसत उभी आहे आणि तो प्रोस्थेसिस कपाटात पडून आहे. हे मी कोणाला नावं ठेवायला लिहीत नाही. पण आपली कला दुसऱ्याला द्यायची तर ती घेणाऱ्याच्या अंगाला लागणार आहे हे आधी डोक्यात असलं पाहिजे, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं. फुकट आहे म्हणून चालवून घ्या, हे निदान ह्या बाबतीत तरी नाही चालत.

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीला सांगितलेल्या त्या विणणाऱ्या बायकांपैकी एका काकूंकडे मी फेब्रुवारीत गेले. वय सत्तरीच्या पुढे. घरात शिरल्या शिरल्या दारावर क्रोशाचं तोरण, टीव्हीवर रुमाल, पाण्याच्या माठावर जाळीचं झाकण, कडेला मणी लावलेलं. आपल्या सगळ्यांच्या आज्यांच्या घरी होतं तसं. काकू म्हणाल्या की सुना-मुलींना आता हे काही नको असतं, धूळ बसते म्हणतात, आणि हात तर थांबत नाहीत, मग करायचं काय. आयुष्यभर त्यांच्या ह्या कामाला सगळे टाइमपासच म्हणत आले. मग त्यांच्या भाचीला कॅन्सर झाला आणि तिच्यासाठी म्हणून त्यांनी पहिला विणला.

मी शिबिरातला अनुभव सांगून कुरकुर करायला लागले तर त्या म्हणाल्या, घालून त पाय बापा पयले, मंग सांग. आत खोलीत घेऊन गेल्या, दार लावलं, पडदा ओढला. मला कपड्यांवरूनच ताठ उभं राहायला लावलं, समोरून बघितलं, बाजूने बघितलं, मग विणलेली पिशवी हातात घेऊन फायबर भरायला लागल्या. थोडं भरायचं, माझ्याकडे द्यायचं, मी आत बसवायचं, त्या लांब जाऊन बघणार, परत काढा, चिमूटभर कमी, परत. असं पाच वेळा. शेवटी त्यांनी मला हात वर करून भिंतीवर काहीतरी लिहिल्यासारखं करायला सांगितलं. कारण मी शिक्षिका आहे हे मी बोलता बोलता सांगितलं होतं आणि त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. ६ हजार ८०० रुपयांत जे मिळालं नाही ते हे.

वस्तू कशी आहे ते सांगते, ज्यांना क्रोशा येतो त्यांना लगेच कळेल. मऊ सुती दोरा. दोऱ्याची कडी करून त्यात सहा मुके खांब, पुढच्या ओळीत प्रत्येकात दोन म्हणजे बारा, मग अठरा, अशा ओळीला सहा सहा वाढवत चकती मोठी करायची. पाहिजे तेवढी झाली की वाढवणं थांबवून काही ओळी सरळ, म्हणजे वाटी खोल होते. मागची बाजू सपाट, आणि तिथे मधोमध दोरी ओवून बटव्यासारखी ओढून बंद करायची. हा बटवा फार महत्त्वाचा आहे. तो उघडून तुम्ही आतलं फायबर कमी-जास्त करू शकता, वजन वाढलं-घटलं तर नवीन घ्यायची गरज नाही. केमोनंतर माझं वजन सहा किलो वाढलं आणि मग उतरलं, तर मला हे तीनदा करावं लागलं. टाके घट्ट असावे लागतात, सैल विणलं तर फायबरचे तंतू बाहेर येतात आणि टोचतात. काकूंचे टाके असे आहेत की उजेडासमोर धरलं तरी आरपार दिसत नाही. आणि सुरुवातीचं टोक त्यांनी गाठ न मारता सुईने टाक्यांमधून फिरवून जिरवलेलं आहे, बोट फिरवलं तर कुठे लागतच नाही. एक विणायला त्यांच्या दोन संध्याकाळी जातात.

आत कापूस का नाही हा प्रश्न मी विचारलाच, आमच्या ह्या कपाशीच्या मुलखात राहून कोणीही विचारेल. तर कापूस एकदा ओला झाला की त्याचा गोळा होतो, लवकर सुकत नाही आणि जड होतो. म्हणून बाहेरून सुती दोरा, कातडीला लागणारं सगळं सुती, आणि आत उशीत भरतात ते पॉलिस्टर फायबर. वजन घरच्या काट्यावर ४८ ग्रॅम. सिलिकॉनचं ४३० होतं, परत सांगते.

उन्हाळ्याचं सांगते कारण आमच्याकडे तीच खरी परीक्षा. मे महिन्यात निवडणुकीचं आणि निकालाचं काही ना काही काम काढतातच, बाहेर जावं लागलं. घाम आला, दोरा भिजला, पण खाली साचून राहिला नाही, वारा लागतो आरपार. पुळी एकही उठली नाही. दुपारी घरी आले की बदलायचा, मला काकूंनी दोन दिलेत, एक अंगाच्या रंगाचा आणि एक जांभळा. जांभळा मीच मागितला, मला आवडतो तो रंग, आणि आत काय घातलंय ते मला एकटीला माहीत असतं ह्याचा मला रोज सकाळी आनंद होतो.

आता जे कमी आहे तेही लिहिते. एक तर हलका असल्यामुळे तो वर सरकतो. साध्या ब्रामध्ये नुसता ठेवला तर दिवसभरात दोनदा तरी खाली ओढावा लागायचा. त्यावर उपाय असा केला की टेलर ताईंकडून ब्राच्या आतून मऊ सुती कापडाचा खिसा शिवून घेतला, ३० रुपयांत, आणि काकूंनी एका छोट्या पुरचुंडीत काचेच्या सहा गोट्या शिवून ती फायबरच्या मधोमध खालच्या अंगाला बसवली. खेळायच्या गोट्या. त्यामुळे तीसेक ग्रॅम वाढलं आणि तो जागेवर बसला. आता फळ्यावर वरच्या ओळीपर्यंत लिहिते, काही होत नाही.

दुसरं, धुतल्यावर आतलं फायबर कधी कधी एका बाजूला जमा होतं. पिळायचं नाही, साध्या साबणाने हलक्या हाताने धुवायचं, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत वाळवायचं. वेळ असेल तर धुवायच्या आधी बटवा उघडून फायबर काढून ठेवलेलं सगळ्यात चांगलं. पावसाळ्यात मला पूर्ण सुकायला दीड दिवस लागला म्हणून दोन हवेतच, एकावर भागत नाही. तिसरं, अगदी पातळ किंवा अंगाबरोबरच्या कपड्यात टाक्यांचा पोत थोडा दिसतो, साडी-ब्लाउजमध्ये किंवा सैल कुर्त्यात नाही दिसत. आणि जखम पूर्ण भरल्याशिवाय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घालू नका, विणलेला मऊ असला तरीही.

ही कल्पना ह्या बायकांची नाही, आणि त्या तसं सांगतातही. टोरांटोच्या बेरिल त्सांग नावाच्या बाईंनी स्वतःच्या ऑपरेशननंतर स्वतःसाठी असा विणला आणि २००५ मध्ये त्याची कृती सगळ्यांसाठी इंटरनेटवर फुकट ठेवून दिली. पुढे २०११ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावच्या बार्बरा डेमोरेस्ट ह्यांचं ऑपरेशन झालं, त्यांना नेहमीचा प्रोस्थेसिस काही आठवडे घालता येणार नव्हता, डॉक्टरांनीच त्यांना विणलेल्याबद्दल सांगितलं आणि एका मैत्रिणीने विणून दिला. त्यातून त्यांनी निटेड नॉकर्स नावाचं काम सुरू केलं, विणणाऱ्यांनी विणायचं आणि गरज आहे तिला फुकट द्यायचं. आपल्याकडे मुंबईतून साईशा इंडिया फाउंडेशन हे काम करते, तिथूनही मोफत मिळतात. मला ह्यातलं जे भिडतं ते हे की पहिलीने कृती स्वतःपाशी ठेवली नाही. ठेवली असती तर ती माझ्यापर्यंत, अकोल्यात, पोचलीच नसती.

२०२२ मध्ये आपल्या देशात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या केसेस होत्या, बायकांमधला सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर आहे हा. त्यातल्या सगळ्यांचा स्तन काढत नाहीत, काहींचा नुसता गाठीचा भाग काढतात, काहीजणी नवीन स्तन बनवण्याचं ऑपरेशन करून घेतात. पण ज्यांचा काढतात आणि ज्यांना ते दुसरं ऑपरेशन नको आहे किंवा परवडत नाही त्या खेड्यापाड्यातल्या बायका घड्याच कोंबतायत हो. मी रांगेत बसून बघितल्यात. आणि त्याच गावांमध्ये क्रोशा येणारी एक तरी काकू आहेच आहे, नाही असं गाव दाखवा मला. तिला फक्त कोणी विचारलेलं नाही.

आता माझं सांगते. मला विणकाम येत नाही, काकूंनी शिकवायचा प्रयत्न केला पण माझ्या उजव्या हाताला तेवढा वेळ ते जमत नाही, सूज येते. मला वाईट वाटत होतं की मी नुसती घेऊन चाललेय. पण एक गोष्ट मला येते ती म्हणजे अक्षर. शाळेत दर्शनी फळा वीस वर्षं मीच लिहिते, सुविचार, जयंत्या, निकाल सगळं. ह्या बायका प्रोस्थेसिससोबत जो कागद द्यायच्या तो इंग्रजीतला छापील होता, कुठूनतरी घेतलेला, आणि कोणाला वाचता यायचा नाही. एकीने तो प्रोस्थेसिस मशीनमध्ये टाकला आणि ड्रायरला लावला, एकीने उलटा घातला, बटव्याची बाजू पुढे. मग मी एका शनिवारी बसून मराठीत कार्ड लिहिलं, मोठं गोल अक्षर, चार चित्रं, कोणती बाजू अंगाकडे, फायबर कसं काढायचं, कसं धुवायचं, कुठे वाळवायचं. काकूंनी आधी स्वतः वाचलं, मग शेजारच्या चौथी शिकलेल्या मावशींना वाचायला दिलं. त्या एका शब्दाला अडखळल्या, "समायोजित", तो मी काढला आणि "कमी-जास्त करा" लिहिलं. झेरॉक्स काढता आली असती, पण दोन-तीन बायकांनी सांगितलं की हाताने लिहिलेलं कार्ड बघून बरं वाटलं, आपल्यासाठी कोणीतरी बसून लिहिलंय असं वाटलं, म्हणून आता जमेल तेवढी हातानेच लिहिते, आठवड्याला पाच-सहा होतात.

मिस्टर म्हणतात की इतकं लिहितेस तर त्यांचा पत्ताच देऊन टाक ना. तो मी मुद्दाम दिला नाही, काकूंनीच नको म्हटलंय. त्या सगळ्या मिळून महिन्याला पंधरा-वीस विणतात, दोऱ्याचा खर्च स्वतः करतात, आणि इथल्या हॉस्पिटलच्या समाजसेविका ताईंकडून येणाऱ्या बायकाच त्यांना पुरून उरतात. बाहेरच्यांनी आपल्या हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागात विचारा, नाहीतर वर सांगितलेल्या संस्थेकडे विचारा.

मागताना हे सांगा म्हणजे परत परत फोन करावे लागत नाहीत: एक बाजू की दोन्ही, ब्राचं माप घेराच्या आकड्यासकट आणि कपच्या अक्षरासकट, ऑपरेशनला किती महिने झाले, रेडिएशन झालं का, कातडी कशाला चिघळते का, आणि तुम्ही दिवसभर काय काम करता. हे शेवटचं नक्की सांगा. भाजी विकायला खाली बसून वाकणारीला वेगळं भरावं लागतं आणि फळ्यावर लिहिणारीला वेगळं. आणि ज्या विणून देणार आहेत त्यांनी लोकर वापरू नका, मऊ सुतीच घ्या, दोरा आधी आपल्या गळ्याला किंवा काखेपाशी घासून बघा, तिथे टोचला तर आम्हाला टोचणारच. सुरुवातीचं टोक जिरवा. गाठ मारू नका.